न मोजलेल्या पाट्या

पंचावन्न सालच्या त्या कागदात सगुणेच्या नावापुढे शून्य आहे. टाकाने काढलेलं, गोल, सुबक शून्य. रकान्याचं नाव होतं, 'गावाच्या हितासाठी वर्षभरात केलेलं काम'. लिहिणाऱ्याच्या मनात कपट नव्हतं. त्याने विचारलं, तिने सांगितलं, त्याने लिहिलं. तरीही त्या शून्याची आठवण झाली की अंगाची लाही होते, कारण ज्या दिवशी ते काढलं गेलं त्या दिवशी सगुणेच्या पायांवर गुडघ्यापर्यंत चिखल वाळून पांढरा पडला होता, आणि तो चिखल गावाचा होता.

दिवा स्टेशनापासून खाडीच्या अंगाला अर्ध्या कोसावर तिवरपाडा. तीस-बत्तीस घरं. घरांच्या पुढे भातशेती, शेतीच्या पुढे मातीचा बांध आणि बांधापलीकडे खाडी. आवस-पुनवेला उधाणाची भरती आली की बांधाच्या त्या अंगाला खारं पाणी शेतापेक्षा कमरेइतकं उंच उभं राही. अलीकडे भात, पलीकडे समुद्राचं पाणी, आणि मधे फक्त माती. तिवरपाड्याची सगळी श्रीमंती ती एवढीच.

असा बांध लाटेने कमी आणि खेकड्याने जास्त मोडतो. खेकडा अंगठ्याएवढं बीळ पाडतो. पहिल्या उधाणाला त्यातून पाणी झिरपतं. गावात म्हणत, 'बांध रडतो'. दुसऱ्या उधाणाला बिळात मूठ जाते. तिसऱ्याला घागर. मग मात्र काही खरं नसतं. बांधाला खांड पडते, म्हणजे बांध आरपार फुटतो, आणि खाडी शेतात येऊन बसते. ते मीठ जमिनीतून निघायला तीन पावसाळे जातात.

म्हणून बांधाचे तुकडे घराघराला वाटून दिलेले होते. तुकड्याच्या दोन्ही टोकांना तिवराच्या लाकडाची खुंटी. उधाण उतरलं की ज्या त्या घरची बाई आपल्या तुकड्यावर जाई, अनवाणी पायाने दाबत दाबत चाले, माती जिथे मऊ लागे तिथे पेंढा कालवलेला चिखलाचा गोळा कोंबून टाचेने ठोकून बसवी. वैशाखात, पावसाच्या आधी, सगळं गाव मिळून बांधावर नवी माती चढवी. याची मजुरी नव्हती, हजेरी नव्हती. नवी सून घरात आली की चुलीशी नेण्याआधी तिला बांधावर नेत आणि तिच्या हातून मातीची एक पाटी टाकवीत. आणि एक गोष्ट तिच्या कानात सांगत: बांधावर टाकलेली पाटी मोजायची नाही. मोजली की खाडी ऐकते, आणि तेवढ्याच परत मागून घेते.

सगुणा आंबिवलीकडची. तिकडे खाडी नाही, खारं पाणी नाही, हे सगळं तिला नवं होतं. सासूने, सखुबाईने, कानात सांगितलेलं ऐकून ती फिसकन हसली होती. अठ्ठेचाळीसच्या वैशाखात वर्षाच्या मुलाला, पंढरीला, अंगावर पाजत ती बांधाला माती घालत होती, आणि दिवस मावळताना नवऱ्याला, धाकूला, मोठ्या तोऱ्यात म्हणाली होती, "आज साठ पाट्या टाकल्या मी. तुज्या आयेपक्षी जास्त!"

त्याच वर्षी कार्तिकात वादळ झालं. बांध तीन ठिकाणी फुटला, उभं पीक गेलं. पुढचं सगळं वर्ष रेशनच्या किडक्या मिलोवर, त्या परदेशी लाल ज्वारीवर गेलं. धाकू मिठागरावर मजूर; पावसाळ्यात मिठागरं बंद, त्यामुळे त्याच्या हाताला काम नव्हतं. सगुणेचं दूध आटलं. श्रावणात पंढरीला हगवण लागली आणि चार दिवसांत तो गेला.

सखुबाईने सुनेला एका शब्दाने बोल लावला नाही. तिने काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. सगुणेने त्यानंतर कधी पाटी मोजली नाही. पुढे तुळसा झाली. सगुणेचं एकच ठरलं होतं: या पोरीने घरचा भात खाऊन मोठं व्हायचं. तिसऱ्या खुंटीपासून चौथ्या खुंटीपर्यंतचा तिचा तुकडा गावात सगळ्यांत घट्ट होता. बायका थट्टा करीत, "सगुनेच्या बांधाला खेकडा पन इचारून जातो, बाय, येऊ का म्हनून!" ती हसत नसे. सहा वर्षं, दर पंधरवड्याला, पावसात, तापात, पोटुशी असताना, ती तिथे होती. सहा वर्षांत बांधाला कुठे खांड पडली नाही.

काहीच घडलं नाही, म्हणून लिहायलाही काही नव्हतं.

पंचावन्नच्या माघात गावात ग्रामसेवक आला. गुरुदत्त सबनीस, बावीस-तेवीस वर्षांचा, पायांत वहाणा आणि काखेत कागदांची चळत. विकासाची नवी योजना आली होती. अकरा गावांचा एक गट केला होता आणि कोणतं गाव किती पुढे, किती मागे, हे ठरवायचं होतं. मारुतीच्या देवळापुढे त्याने बायकांना बसवलं. शिकलेला माणूस म्हणून बायका त्याला मास्तर म्हणू लागल्या, आणि तोच शब्द कायमचा झाला.

"बाई, गेल्या वर्षात गावासाठी काही काम केलंत का?" त्याने रखमाबाईला विचारलं. रखमाबाई सगुणेची शेजारीण. घरातही शेजारी आणि बांधावरही.

"गावासाठी? आमच्या घरचंच सरंना, मास्तर. दाल्ला हाय, चार पोरं हायत, म्हस हाय. गावाचं कवा करू?"

"म्हणजे रस्ता, विहीर, शाळेची इमारत, असं काही."

"ईर हाय ना. माज्या आजेसासऱ्यानं खनली. लिव त्याचं नाव."

"ते वारले असतील ना?"

"मग? ईर कुटं मेली?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. गुरुदत्तही हसला. मग त्याने सगुणेकडे पाहिलं. "तुम्ही, सगुणाबाई?"

"काय नाय," सगुणा म्हणाली.

ती खोटं बोलत नव्हती. बांध राखणं हे काम आहे असं तिवरपाड्यात कोणाच्या मनातच आलं नव्हतं. चूल पेटवणं काम नाही, पोराला थोपटणं काम नाही, तसंच ते. शिवाय विचारणारा आकडा मागत होता. त्या बाईने तासापूर्वी सात बिळं बुजवली होती. गुरुदत्तने तिचे चिखलाचे पाय पाहिले. ही खेकडे, चिंबोऱ्या धरायला गेली असेल असं त्याला वाटलं. त्याने शून्य काढलं. एकामागून एक, बत्तीस घरांची बत्तीस शून्यं.

महिन्याने देवळाच्या भिंतीवर तक्ता लागला. अकरा गावं, त्यांच्यापुढे रस्त्याचे फूट, विहिरी, श्रमदानाचे तास. तिवरपाडा अकरावा. लोकांना वाचता येत नव्हतं, पण सगळ्यांत खाली कोण आहे हे कळायला अक्षर लागत नाही. आणि बातमी पायांनी चालत नाही. फाल्गुनात वरच्या पाड्याला एक लग्न होतं. गावचे पाटील परशुराम पंगतीला बसले, आणि वाढपी मोठ्याने ओरडला, "अरे, भात वाढा, भात वाढा शून्यगावच्या वऱ्हाड्यांना! कष्ट करून थकलेत बिचारे!"

सगळी पंगत हसली. परशुराम पाटील भरल्या पानावरून उठले. त्या रात्री त्यांनी ठरवलं की तिवरपाड्यापासून दिवा स्टेशनापर्यंत बारा फुटी रस्ता करायचा, सगळ्या गावाच्या श्रमदानातून, आणि पावसाच्या आत. गटाच्या कचेरीला तो बेत इतका आवडला की पाहायला यायचं तिथल्या साहेबांनी लगेच कबूल केलं.

पावसाच्या आत म्हणजे चैत्र-वैशाखात. वैशाख बांधाचा महिना.

गावच्या बैठकीत बायका मागे बसत आणि पाटलाशी थेट बोलत नसत. सगुणा देवळाच्या खांबाआड उभी राहिली आणि खांबाकडे तोंड करून म्हणाली, "बांधाला माती कवा घालायची, मामा?"

परशुराम पाटलांनीही तिच्याकडे न बघताच उत्तर दिलं. "बांध काय आजचा हाय? आज्या-पनज्याच्या वक्तापासून उभा हाय. एक साल माती नाय घातली त काय पलून जातोय?"

"आज्या-पनज्याच्या वक्तापासून माती घालतात, म्हनून उभा हाय."

"सगुने, तू घर बघ."

"घरच बघतंय, मामा."

कोणीतरी हसलं, कोणीतरी 'गप' केलं. आणि रस्ता ठरला.

तरीही तिने सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी सखुबाईला बरोबर घेऊन ती गुरुदत्तच्या बिऱ्हाडी गेली. तो खाटेवर कागद पसरून बसला होता.

"मास्तर, तुमच्या कागदात बांधाचं लिवता येल का?"

"कसला बांध?"

तिने सांगितलं. खुंट्या, उधाण, बिळं, वैशाखातली माती. तो ऐकता ऐकता सरळ होऊन बसला. "हे तुम्ही मला तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुमी काम इचारलंत. बांध कुटं इचारलात?"

गुरुदत्तने कपाळ चोळलं. "पण बाई, अडचण अशी आहे, की रकाना फक्त नव्या कामाला आहे. जुन्याच्या डागडुजीला रकानाच नाही." मुलगा चांगला होता. "शेऱ्यात लिहितो मी. मला आकडा द्या. वर्षाला एका घराच्या किती पाट्या पडतात? अंदाजे सांगा. तेवढ्यावर मी साहेबांपुढे मांडतो. कदाचित यंदा रस्त्याऐवजी बांधच धरतील. पण आकडा हवा. आकड्याशिवाय तिथे कोणी ऐकत नाही."

त्याने टाक दौतीत बुडवला आणि तिच्याकडे बघत राहिला.

आकडा सगुणेला ठाऊक होता. न मोजताही हाताला ठाऊक असतो, मानेला ठाऊक असतो. पण सखुबाईने तिच्या दंडाला घट्ट धरलं होतं. सगुणेच्या डोळ्यांपुढे अठ्ठेचाळीसची ती संध्याकाळ आली, 'साठ टाकल्या मी', आणि कडेवरचा पंढरी. आता तुळसा घरी शेजारणीपाशी होती.

"मोजत नाय आमी," ती म्हणाली.

"अहो, अंदाजे."

"नाय, मास्तर."

टाकाच्या टोकावरची शाई वाळली. गुरुदत्तने टाक ठेवून दिला. त्याला वाटलं, अडाणी बाई. तिला वाटलं, पोर वाचली.

रस्ता झाला. दीड महिना सगळं गाव दगड-मुरूम वाहत होतं. बायकांची हजेरी सकाळी, आणि उधाणाच्या दिवसांत नेमकी त्याच वेळी खाडी ओहोटीला लागलेली असे आणि बांध उघडा असे. सगुणा दुपारी, रणरणत्या उन्हात, जेवण टाकून बांधावर जाई; आपला तुकडा करी, आणि उरल्या वेळात रखमाबाईच्या तुकड्यावर दोन-चार पाट्या टाकी. रखमाबाईचं अंग दगड वाहून ठणकत असे. "पुढल्या आवसेला जाते, गो," ती म्हणे. पुढल्या आवसेला साहेब आले, हार झाले, फोटो निघाला. तक्त्यावर तिवरपाडा अकराव्याचा तिसरा झाला. परशुराम पाटलांनी वरच्या पाड्याला मुद्दाम निरोप पाठवला: वाढप्याला म्हणावं, आता वाढ.

मग पाऊस लागला. लावण्या झाल्या. धाकू मिठागरावरून घरी आला. आषाढाच्या आवसेला भर दुपारी उधाण होतं. आभाळ गच्च आणि वारा खाडीवरून. सगुणा आपल्या तुकड्यावर उभी होती. माती टाचेखाली दगडासारखी लागत होती. तिने सहज पलीकडे पाहिलं. रखमाबाईच्या तुकड्याखाली, भाताच्या कडेला, गढूळ पाणी उकळल्यासारखं वर येत होतं. बांध रडत नव्हता, ओकत होता.

"रखमेऽऽऽ! धाकूऽ! या रे, धावा!"

ती धावली. गोळा कोंबला, तो पाण्याने बाहेर फेकला. दुसरा कोंबला. मग ती बिळावर बसलीच, सगळा भार टाकून. रखमाबाई पेंढ्याची पेंढी घेऊन पळत आली, मागून धाकू, मागून लावणीच्या चिखलातले आणखी पाच-सहा जण. सगुणेला आपल्या अंगाखालची माती हलताना कळली. पोटातलं मूल हलतं तशी. धाकूने तिला दंडाला धरून खेचलं, आणि ती जिथे बसली होती तिथे खाडी होती.

अर्ध्या घटकेत खांड बैलगाडी जाईल एवढी झाली. सगुणेच्या तुकड्याला ओरखडासुद्धा नव्हता. तो तसाच उभा होता, दोन्ही बाजूंनी पाणी घेऊन, नको तितका घट्ट. पाणी काही कोणाचा तुकडा कोणता असं विचारून येत नाही. संध्याकाळी नुकत्या लावलेल्या भाताचे फक्त शेंडे वर दिसत होते, चौथ्या दिवशी तेही पिवळे पडले.

रखमाबाई तिच्या पायाशी येऊन बसली. "माज्यामुलं झालं, गो."

"तू कुटं व्हतीस वैशाखात?"

"रस्त्याला."

"मग रस्त्यामुलं झालं," सगुणा म्हणाली. पण स्वतःला ती असं सोडू शकली नाही. आकडा तिच्या तोंडात होता. तिने तो गिळला होता. सहा वर्षं मोजलं नाही, तरी खाडी आलीच की!

घरात कणगीच्या तळाला दोन पायली भात उरलं होतं. पुढचं पीक नव्हतं. सगुणेने पंधरा दिवस पाहिलं, मग तुळसेचं डोकं विंचरलं, तिला नवं परकर-पोलकं घातलं आणि आंबिवलीला आपल्या आईकडे नेऊन सोडलं. पाच वर्षांची पोर. तिला वाटलं आई पण राहणार आहे. सगुणा परत निघाली तेव्हा पोर दारापर्यंत आली, "मी पन येते," म्हणाली, आणि आजीने तिला आत उचलून नेलं. गोठ्याआड पोचेपर्यंत सगुणेला तो आवाज ऐकू येत होता. जी आई पोर वाचावी म्हणून पोरीला सोडून येते, तिच्या जिवाचं काय होतं त्याला अजून कोणी रकाना काढलेला नाही.

आता जे झालं ते ऐका.

भांगाचे दिवस आले, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची लहान भरती. तेवढ्याच दिवसांत खांड बुजवता येते. गटाच्या कचेरीने तातडीने हुकूम काढला. गुरुदत्त फीत घेऊन आला. खांड मोजली. वळसा घालून नवा बांध घालायचा, तो मोजला. बांधाच्या तोंडाशी एक माणूस खडू घेऊन उभा केला. पडणाऱ्या प्रत्येक पाटीला फळीवर ज्याच्या त्याच्या नावापुढे एक रेघ. बायका त्या रेघांकडे बघून पहिल्या दिवशी बिचकल्या. मग बिचकेनाशा झाल्या. खाडीने घ्यायचं ते घेतलंच होतं. दोन भांगांचे मिळून अकरा दिवस सगळं गाव अर्धपोटी चिखल वाहत होतं, आणि खडूच्या रेघा वाढत होत्या.

आणि तक्त्यावर तिवरपाडा पहिला आला.

बांध 'नवा' होता ना! नव्याला रकाना होता. पुन्हा वाचा: ज्या वर्षी गावाचं पीक बुडालं, जमिनीत तीन वर्षांचं मीठ शिरलं, घराघरातली पोरं नातेवाइकांच्या दारी गेली, त्या वर्षी ते गाव अकरा गावांत सगळ्यांत पुढे गेलेलं होतं. आणि ज्या सहा वर्षांत काही मोडलं नाही, पोरं घरचा भात खाऊन झोपली, ती सगळी वर्षं शून्य. ज्या आईचं मूल कधी आजारीच पडत नाही तिने काही केलंच नाही. मूल मरणाच्या दारी नेऊन परत आणलं तर तिचा सत्कार. मोडून बांधेल तो पुढारलेला, मोडूच देणार नाही तो आळशी. हे कोणा दुष्टाने ठरवलेलं नाही. चांगल्या, शिकलेल्या, स्वच्छ कपड्यांतल्या माणसांनी चांगल्या हेतूने ठरवलं. म्हणूनच राग कोणावर काढावा ते कळत नाही, आणि तो तसाच साठून राहतो.

दसऱ्यानंतर देवळापुढे समारंभ झाला. साहेब आले. खुर्च्या दिव्याहून नव्या रस्त्याने बैलगाडीतून आणल्या होत्या. रस्त्याचा तेवढा उपयोग झाला. साहेबांनी भाषण केलं. संकटातून प्रगती कशी करावी हे तिवरपाड्याने दाखवून दिलं, ते म्हणाले. मग त्यांनी कागदावरून वाचलं, "श्रमदानात स्त्रियांमध्ये पहिला क्रमांक, सगुणाबाई धाकू पाटील. एकशे बारा तास. सातशे अडतीस पाट्या!"

टाळ्या झाल्या. साहेबांनी मानपत्र पुढे केलं. सगुणा पुढे आली. या वेळी ती खांबाआड उभी राहिली नाही.

"सायेब, मागल्या सहा वर्सांच्या कुटं लिवल्यात?"

साहेबांना कळलं नाही. त्यांनी गुरुदत्तकडे पाहिलं.

"सगुने," परशुराम पाटील हळूच म्हणाले.

"थांबा, मामा. तुमी मना घर बघ म्हनलात. मी बघितलं. सहा वरसं खांड जाऊ दिली नाय, तवा आमी शून्यगाव. खांड गेली, खाडी घरात आयली, तवा आमी पयले! मग अजून एक खांड पाडू का, सायेब? दोन पाडू? लय पुढं जाऊ आमी!"

मागे कोणीतरी हसलं. खरं तर ते हसू नव्हतं.

"बाई, तुमच्या भावना..." साहेब म्हणाले.

"भावना नाय. आकडा हवा ना तुमाला? आकड्याबिगर ऐकत नाय ना कोन? मी देते." ती गुरुदत्तकडे वळली. "मास्तर, लिव. तुळसा धाकू पाटील. वय वरसं पाच. आंबिवलीला. एक. लिवलास? आता सांग, ती तुज्या तक्त्यात कंच्या रकान्यात बसते?"

गुरुदत्तच्या हातात टाक नव्हता. असता तरी त्याने लिहिलं नसतं, कारण रकाना नव्हता. सगुणेने मानपत्र घेतलं नाही. ती वळली आणि चालू लागली. सखुबाई उठली आणि काठी टेकत तिच्या मागून गेली. थोड्या वेळाने रखमाबाई उठली, मग आणखी बायका. त्यांनी काही ठरवलं नव्हतं. चतुर्दशी होती, उधाण उतरायला लागलं होतं, आणि नव्या बांधाची माती अजून बसायची होती. साहेबांचं आभाराचं भाषण पुरुषांनी ऐकलं.

तक्ता पुढेही लागत राहिला. गुरुदत्तची त्या गटातून बदली झाली. जाण्याआधी त्याने वरच्या कचेरीला एक पत्र लिहिलं होतं म्हणतात, बांधांच्या डागडुजीला रकाना असावा म्हणून. त्याचं उत्तर आल्याचं कोणाला ठाऊक नाही.

दोन पावसांनी जमीन थोडी धुतली. छपन्नच्या मार्गशीर्षात खारात टिकणारं लाल भात निम्मं-शिम्मं पिकलं. सगुणेने ते कांडलं, पहिला भात शिजवला, देवापुढे ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने आंबिवलीला गेली. तुळसा उंच झाली होती. आईला बघून ती आधी आजीच्या मागे लपली. ते सगुणेने पाहिलं आणि गिळलं.

पुढच्या वैशाखात सगळं गाव बांधावर होतं. परशुराम पाटीलसुद्धा; त्यांनी त्या वर्षी कुठलाच रस्ता काढला नाही. सखुबाई उतरणीवर गोणपाट टाकून बसली होती. सगुणेने तुळसेच्या डोक्यावर खेळण्यातली वाटावी एवढी लहान पाटी दिली.

"टाक. जोर लावून टाक. आता बोल, एक."

सखुबाईने मान वर केली. आसपासच्या बायकांचे हात थांबले.

"सगुने," म्हातारी म्हणाली.

"न मोजून बघितलं, आत्याबाई. तरी खाडी आयली. ते खांड मोजतात. मग बांध कोनी मोजायचा?" तिने पोरीकडे वळून बघितलं. "बोल गो. मोठ्यानं बोल. खाडीला ऐकू जाऊ दे."

"एक," तुळसा म्हणाली.

सखुबाईने तोंड फिरवलं आणि खाडीकडे बघत बसली. ती उठून गेली नाही. तुळसा धावत जाई, पाटी भरून आणी, टाकी, आणि ओरडे. तिला वीसपर्यंत येत होतं, पण धावण्याच्या नादात मधेच मोजायचं राही. ऊन चढलं. बाराव्या पाटीच्या पुढे तिची जीभ अडखळू लागली.

"चौदा! पंधरा! सोळा!"

"सतरा झाल्या," खाडीकडे तोंड करूनच सखुबाई म्हणाली. "मगाची एक तू खाल्लीस, गो पोरी. नीट मोज."